बसलेल्या वाघाचा सौदा

वसंता, माचिसच्या कंपनीनं पुन्हा नवा छाप काढला. मोरच आहे. मागचा मोर उजवीकडे पाहत होता, हा डावीकडे पाहून राह्यला, अन् पिसाऱ्याच्या कडेनं एक लाल रेघ ओढली आहे. बस, एवढंच. तेवढ्यावर सारी गल्ली येडी झाली. घरात ज्याच्या चुलीले लाकूड नाही तोही माचिसची पुडकी विकत घेऊन ओट्यावर बसला आहे, काड्या एकीकडे ओतून राह्यला अन् छाप सोलून राह्यला.

मी भाजीच्या गाड्यावर बसल्या बसल्या तो मोर हातात धरला अन् माहं डोकं सणकलं. म्हणलं, आता दुकानात जातो अन् वसंताले चांगला झाडतो, नव्याचं लय कौतुक होतं ना याले. उठलोही होतो. मग ध्यानात आलं, दुकानाले कुलूप आहे अन् परवाच तुही तेरवी जेवून आलो.

म्हणून हे लिहून राह्यलो. तुले आता ऐकू जात नाही हे मले समजते. पण जिवंत होता तेव्हा तरी तू माहं कुठं ऐकत होता?

दुसऱ्या कोणी वाचलं तर हसेल. म्हणेल, माचिसच्या डबीवरचे कागद ते काय अन् त्याच्यापायी दोन घोडे माणसं भांडतात काय. हसू दे. लहानपणी साऱ्या खामगावचे पोट्टे तेच खेळत होते. मातीत गोल आखायचा, छापांची चळत मधात ठेवायची अन् चपट्या दगडानं उडवायची. बाकीच्यांले मिशा आल्या अन् त्यांनी दगड टाकून दिले. आपण नाही टाकले. आपली लग्नं झाली, राज्य नवं झालं, मुंबई राजधानी झाली, तू बापाच्या शिलाई मशीनवर बसला अन् मी बापाच्या गाड्यावर, तरी संध्याकाळी दुकान आवरलं की तुह्या कापायच्या फळीवर आपला डाव मांडलेलाच. फक्त दगड गेला अन् पत्त्यासारखा खेळ आला. ज्यानं त्यानं तीन छाप हातात धरायचे, पालथे. एकेक उघडायचा. ज्याचा छाप भारी त्यानं दोन्ही उचलायचे.

आता भारी कोणता, हे ठरवायची तऱ्हा तुही होती, अन् त्या तऱ्हेसाठी मी तुले आजही मानतो. बैलबाजारात दलाल रुमालाखाली हात घालतात अन् बोटं दाबून भाव करतात, बाजूच्याले कळत नाही, ते तू उचललं. नवा छाप आला की तू अस्तराचं कापड दोघांच्या हातावर टाकायचा. खाली तू माही बोटं दाबायचा, मी तुही. छाप दुर्मिळ असला तर पाच बोटं, गल्लोगल्ली पडलेला असला तर एक. जमलं की हात झटकायचे अन् भाव वर सांगायचा. तो भाव साऱ्या गल्लीले मान्य. अदलाबदलही तशीच, रुमालाखाली. अन् कायदा दोनच गोष्टींचा. खाली काय घासाघीस झाली ते कोणाले सांगायचं नाही, अन् झालेला सौदा मोडायचा नाही. तुह्या बोटांले सुईनं इतकी भोकं पडली होती की अंधारात शंभर हात दिले असते तरी मी तुहा ओळखला असता.

हे सगळं चांगलं चाललं होतं. मातेरं केलं ते कंपनीनं. पहिले एक छाप निघाला की वर्षानुवर्षं तोच. माणूस त्याले ओळखायचा, शोधायचा, एखादा मिळाला तर चार दिवस छाती काढून फिरायचा. मग त्या कंपनीतल्या कोणाच्या तरी डोक्यात आलं, की पोट्टे अन् आपल्यासारखे येडे छापापायी माचिस घेतात. झालं. घोडा आला. मग पांढऱ्या पायाचा घोडा. मग तोच घोडा निळ्या जमिनीवर. आज ज्याले पाच बोटं देऊन छातीशी धरावं त्याची उद्या एका बोटाची रद्दी. भाव करता करता माह्या हाताले कळ लागायची. माचिस पेटत नाही धड, काडीचा गूल उडून डोळ्यात जाते, पण घोड्याचा पाय मात्र पांढरा पाह्यजे!

अन् तू? तू त्यांचा वकील. मी कावून जायचो अन् तू मशीनचं चाक फिरवत हसायचा. म्हणायचा, नव्याले नावं ठेवणारा शिंपी उपाशी मरते. आधी बाराबंद्या होत्या, मग सदरे आले, आता पोट्टे खाली निमुळत्या पँटी मागून राह्यले, म्या शिवू नये का? मी म्हणायचो, पँट अंगात घालाची वस्तू आहे, छापाचं तसं नाही. त्याची किंमत तो जुना होण्यातच आहे. त्याच्यावर तू एकदा साऱ्या लोकांसमोर म्हणला होता,

"तुही कालची मेथी आज कोण घेते बे?"

सारे खो खो हसले. मले उत्तर सुचलं नाही अन् मी पाय आपटत घरी गेलो. आज सुचलं, वसंता. मेथी आपल्या मनानं सडते. छाप सडत नाही, त्याले कंपनी सडवते. आता सांग. सांग ना आता. इतक्या वर्षांनी मले पक्कं उत्तर सापडलं अन् तू पळून गेला.

वाघाची गोष्ट मात्र वेगळी होती. तो बसलेला वाघ, मागे वळून पाहणारा, पिवळ्या कागदावर तांबडी शाई. आपण एका लग्नाले चाललो होतो, जलंब स्टेशनावर गाडी बदलायले उतरलो, फलाटावर कोणी परदेशी दिसणाऱ्या माणसानं रिकामी डबी फेकली. तू म्हणायचा, आधी म्या पाह्यली. मी म्हणायचो, पण उचलली कोणं? यावरून आपण लग्नात एकमेकाशी बोललो नाही अन् जिलेबीच्या पंगतीत तोंडं फिरवून बसलो. पुढे कळलं, तो वाघ काढणारा कारखाना कधीचाच बुडाला. म्हणजे त्याचा छाप पुन्हा निघायचा प्रश्नच नाही. त्याच्यावर लाल रेघ ओढायले कोणी उरलंच नव्हतं. साऱ्या गल्लीत तेवढा एक छाप असा होता की ज्याच्या केसाले कंपनी धक्का लावू शकत नव्हती, अन् तो माह्याजवळ होता. तू मागितला नाही असा एक सण गेला नाही.

अन् शेवटी तू घेतलाच.

मागच्या पोळ्याच्या आधी तू अंबारीचा हत्ती काढला. तुह्याजवळ दोन हत्ती होते, त्यातला मोठा, सोनेरी झालरीचा. तो निघायचा कधीचा बंद झाला होता. पाच बोटांचा भाव, अन् साऱ्या खामगावात तीनचार जणांजवळ असेल. तू अस्तर टाकलं, मी हात घातला. मी हत्तीसोबत आणखी घोडे मागितले, तू दिले. मी निळ्या जमिनीचा मागितला, तू तोही दिला. तुही बोटं गरम होती अन् लवकर लवकर दाबत होती. मले वाटलं, याले वाघाचा मोह झाला, देऊन टाकू, जिवाचा दोस्त आहे, डाव तर रोजच होते, आज ना उद्या जिंकून घेऊ. हात झटकला. वाघ तुह्या खिशात गेला.

त्याच आठवड्यात बाजारात हत्ती आला. नवा कोरा, सोनेरी झालरीचा, डबी डबीवर. पानठेल्यावर हत्ती, किराण्यात हत्ती, नालीत हत्ती. पोट्टे त्याच्या होड्या करून राह्यले होते. पाच बोटांचा हत्ती माह्या हातात एका बोटाचाही राह्यला नाही.

अन् माह्या डोक्यात एकच किडा शिरला. तुह्या साळ्यानं, रामदासनं, ज्या ठोक किराण्यात नोकरी धरली आहे तिथंच तर साऱ्या तालुक्याच्या माचिसच्या पेट्या उतरतात. मग तुले माहीत होतं का?

मी दुकानात येऊन तोंडावर विचारलं. गिऱ्हाईक उभं होतं, त्याच्या समोर विचारलं. तू तोंडात टाचण्या धरून त्याचं खांद्याचं माप घेत होता. टाचण्या काढल्या अन् म्हणला, "रुमालाखालचं वर काढू नको, दिगा."

बस. हो म्हणला नाही अन् नाहीही म्हणला नाही. कायदा सांगितला मले! माह्याच दोस्तानं मले बैलबाजाराचा कायदा सांगितला! मी म्हणलं, आजपासून तुह्या फळीले हात लावीन तर माह्या बापाचा नाही. अन् नाही लावला. गल्लीत डाव चालू होते, मले हसणं ऐकू यायचं. वहिनी भाजी घ्यायले यायची तेव्हा तू पलीकडच्या कोपऱ्यावर उभा राहून बिडी ओढायचा. अंगावर धावून येणं जमत नव्हतं तर एक हाक मारायची. मी वळलो असतो, शिव्या देत वळलो असतो, पण वळलो असतो.

हाक नाही मारली अन् कावीळ काढून बसला. ते तरी शहाण्यासारखं करायचं. खामगावात दवाखाना आहे, डॉक्टर आहे, तू पायी चालत जाशील इतका जवळ. पण नाही, तू मोताळ्याकडे वैदूजवळ गेला अन् काविळीची माळ घालून आला. लोक सांगतात, ती माळ आपोआप लांबत जाते, छातीवरून पोटावर उतरली की कावीळ उतरली. तू मशीनवर बसून रोज माळ मोजत होता म्हणे, वीत वीत. कपड्याचं माप घेतल्यासारखं. शिंप्याचा पोरगा तू, साऱ्या गावाचं माप घेतलं, अन् स्वतःचं मरण वितीनं मोजून राह्यला की ते बेंबीपर्यंत कधी येईल. माळ उतरली, वसंता. बरोबर पोटापर्यंत उतरली. तेव्हा तुले शुद्ध नव्हती. मले बाजारात एका बाईनं वांगी निवडता निवडता सांगितलं, तो शिंपी गेला ना. मी तराजू हातात धरून उभा होतो. मी तिले विचारलं, कोणता शिंपी? असं विचारलं, जसे खामगावात शिंपी लय आहेत अन् मी साऱ्यांले ओळखतो.

तुह्या घरी आलो तर तुहं तोंड हळदीसारखं पिवळं. बायका रडून राह्यल्या होत्या. मले रडू नाही आलं. मले तुह्या गळ्यातली माळ तोडून नालीत फेकावीशी वाटली. कोणी काढायच्या आधी मीच काढली अन् फेकली. तुह्या काकानं माह्याकडे डोळे वटारले.

खरं तर रागाच्या पलीकडचंही काही आहे, तेही सांगतो, नाहीतर तू म्हणशील दिगा एकच गाणं गाते. माहा बाप गेला तेव्हा मले तेरवीपर्यंत गाड्यावर बसता येत नव्हतं, अन् भाजी तोडून आलेली सडत होती. तू दुकान बंद केलं अन् माह्या गाड्यावर बसला. तुले तराजू धरता येत नव्हता. बायका तुले बनवून गेल्या, पारडं झुकलं की तू आणखी टाकायचा, अन् कोथिंबीर तर तू येईल तिले फुकट वाटली. गिऱ्हाइकं पुढे कितीक दिवस मले विचारत होती, तो कोथिंबिरीवाला भाऊ कुठं गेला? मी तुले तेव्हाही शिव्याच दिल्या. पण गाडा चालू राह्यला, अन् माह्या घरातली चूल पेटली, ते तुह्यामुळे. हे मी तुले कधी म्हणलं नाही. आपल्यात म्हणायची पद्धतच नव्हती.

आता तेरवीचं सांगतो. पंगती उठल्या, रामदास ओट्यावर पाण्याचा हंडा घेऊन बसला होता. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. त्याले कळलं मी काऊन आलो ते, कारण तो लगेच पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायले लागला. मी म्हणलं, रामदास, तू माह्या दोस्ताचा साळा आहे, आज खोटं बोलू नको. हत्ती परत येऊन राह्यला हे वसंताले आधी माहीत होतं का?

"हाव," तो म्हणला. "पेट्या उतरल्या त्याच दिवशी म्या भाऊजीले सांगितलं."

"अन् तो काय म्हणला?"

"म्हणले, दिगाजवळ बोलू नको. त्याले कळलं तं तो वाघ देत नाही."

तर असं आहे. तुले माहीत होतं. हत्ती मातीमोल होणार हे पक्कं ठाऊक असताना तू अस्तर टाकलं अन् माही बोटं दाबली. माह्यासारखा पाच बोटं देणारा दुसरा येडा गल्लीत नव्हता, कारण बाकीच्यांनी विचारलं असतं, घाई काऊन करून राह्यला. मी नाही विचारलं. तुले विचारायची मले गरजच वाटत नव्हती, मेल्या.

मले वाटलं होतं, खरं काय ते एकदा कळलं की डोकं शांत होईल. नाही झालं. त्या वेळी तू समोर असता तर सगळ्या सोयऱ्यांच्या देखत तुह्या मुस्कटात एक ठेवून दिली असती. अन् मग तिथंच ओट्यावर बसलो असतो अन् म्हणलो असतो, काढ छाप, मांड डाव. दोन्ही केलं असतं मी. कारण कंपनीनं माही किंमत पाडली तर मी कंपनीचं काय वाकडं करू शकतो? ती कुठं आहे हेही मले माहीत नाही. पण तुह्याशी भांडता येत होतं. तू फळीच्या पलीकडे बसत होता, हाताच्या अंतरावर. लबाडी केली तर त्याच फळीवर तुले उघडं पाडून माहा वाघ परत आणता येत होता. एवढ्यासाठी तर माणूस डाव मांडते.

मी उठून निघालो तर वहिनीनं आतून हाक मारली. ती दारात उभी होती, कपाळ रिकामं. तिच्या हातात बटनांचा डबा होता. झाकण काढून तिनं बटनांच्या खालून एक घडी काढली, अस्तराच्याच कापडाची, अन् उलगडली. वाघ. जसा मी दिला होता तसा, एक कोपराही मुडपलेला नाही.

मले नवल वाटलं, कारण तू हाती आलेला छाप त्याच संध्याकाळी डावात लावल्याशिवाय राहणारा माणूस नाही. मी तिले विचारलं, हा लावला नाही का त्यानं?

"नाही लावला, भाऊजी. सारे म्हणत, लाव वाघ, लाव वाघ. ते म्हणत, दिगा येऊन बसला का लावीन. त्याच्या संगंच लावाचा आहे." मग तिनं हात पुढे केला. "घ्या. तुमचा आहे."

मी मागे सरकलो. वहिनी, म्हणलं, हा सौदा झालेला आहे. मोडता येत नाही. वाघ वसंताचाच आहे.

तिले राग आला असावा, किंवा ती थकली असावी. ती म्हणली, "ते तं नाहीत आता. मंग म्या याचं काय करू?"

मले तो तुह्याकडून जिंकून घ्यायचा होता, वसंता. तुले हरवून, तुह्या तोंडावर हसून, साऱ्या गल्लीसमोर. वहिनीच्या हातून फुकटात नव्हता घ्यायचा. ती तशीच उभी होती, वाघ हातात धरून, माह्या उत्तराची वाट पाहत, अन् तुहा एवढा राग मले जन्मात कधी आला नव्हता.